जरा मिड कमी आहे

ऑर्केस्ट्रात गायक सगळ्यांत पुढे असतो. त्याच्या बाजूला कॉलर नीट करत निवेदक, म्हणजे आमच्या ऑर्केस्ट्रात मी. ऑक्टोपॅडवाला आणि कीबोर्डवाला उजेडात. आणि सगळ्यांच्या मागे, मंडपवाल्याचा हॅलोजन जिथवर पोचत नाही तिथे, एक माणूस चार तारांचं लांब दांडीचं वाद्य गळ्यात अडकवून उभा असतो. तो काय वाजवतो हे प्रेक्षकांना ठाऊक नसतं. कार्यक्रम संपल्यावर मात्र तो एकेकाला गाठतो, चहावाल्यालाही सोडत नाही, आणि विचारतो, "टोन कसा येऊन रायला होता?"

वाद्य बेस गिटार, म्हणून हे आमचे बेसभाऊ. गोसीखुर्द धरणाच्या बुडितातून उठलेलं त्यांचं गाव. आता पुनर्वसनाच्या गावठाणात राहतात, पवनीला रेडिओ, टीव्ही आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान चालवतात. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, भरू लागल्या की रात्री घरी सापडत नाहीत. पुढे लग्नसराई, मग एप्रिलात भीमगीतांचे कार्यक्रम. कीबोर्डवाल्याचा डावा हात बेसचं सगळं काम करू शकतो, हे आयोजकाला माहीत आहे, कीबोर्डवाल्याला तर आहेच आहे. तरी भाऊंना वगळण्याची कुणाची छाती होत नाही, कारण मिक्सर, मॉनिटर, केबल, जे काही ऐनवेळी बंद पडतं ते भाऊच चालू करतात.

"जरा मिड कमी आहे न," हे त्यांचं पालुपद. मिड म्हणजे आवाजाचा मधला पट्टा. वांग्याच्या भाजीत मिड कमी असतो. देवळाच्या नव्या घंटेत कमी असतो. मुलीला पाहायला आलेला मुलगा बँकेत होता, निर्व्यसनी होता, घरी दोन एकर ओलित होतं, तो गेल्यावर भाऊ म्हणाले, "पोरगा चांगला आहे, पन आवाजाले बॉडी नाही." वहिनींनी त्या दिवशी त्यांना जेवायला वाढलं, पण बोलल्या नाहीत. ज्याला ते पसंती देतात त्याच्याबद्दल एकच वाक्य म्हणतात, "घुमते, पन गुरगुरत नाही." ही पदवी आजवर भंडारा रोड स्टेशनावरून सुटणाऱ्या मालगाडीच्या भोंग्याला मिळाली आहे, आणि शाळेतल्या एका निवृत्त मास्तरांना. आम्हा निवेदकांपैकी कुणालाही नाही.

प्रत्येक मंडईत एक तरी माणूस विचारतो, "भाऊ, दोन तारा तुटल्या का?" भाऊ चिडत नाहीत. त्या माणसाला बाजूला घेऊन सांगतात, की याला चारच असतात, सगळ्यांत जाड तार सेकंदाला ४१ वेळा हलते, एवढा खर्ज तुमच्या डग्ग्यातून सुरात काढून दाखवा. माणूस मान डोलावतो आणि आकाशपाळण्याकडे निघून जातो.

आता पिकअपबद्दल सांगायलाच हवं, कारण भाऊंच्या संसारातली निम्मी भांडणं त्याच्यावरून झालेली आहेत. तारांच्या खाली ती काळी डबी असते ना, ती. आत चुंबक, आणि चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे आठ-दहा हजार वेढे. वर पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांत चिमूटभर वीज उठते, आणि ती अँप्लिफायरकडे जाते. भाऊ याला गिटारीचा कान म्हणतात. हा कान घोडीजवळ लावला तर आवाज टणक आणि नाकातला, मानेकडे सरकवला तर गोल आणि जाड. इंचभर इकडेतिकडे झालं तर वेगळाच गडी. त्यामुळे जगात दोन प्रकारची माणसं असतात, असं भाऊंचं मत आहे: कान कुठे लावायचा हे समजणारी, आणि गायक.

दुकानात लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी त्यांनी लिओ फेंडरचा फोटो लावला आहे. दसऱ्याला त्याला हार पडतो. गिऱ्हाइकांना ते दुकानाचे जुने मालक वाटतात. फेंडरही मुळात रेडिओ दुरुस्तीवाला. १९५१ मध्ये त्याने प्रिसिजन बेस बाजारात आणला, १९५७ मध्ये त्याच्या पिकअपचे दोन तुकडे करून दोन-दोन तारांखाली बसवले, १९६० मध्ये दोन पिकअपांचा जॅझ बेस काढला. "आन त्या मानसाले सोताले गिटार वाजवता येत नवती!" हे सांगताना भाऊंचा चेहरा उजळतो. आमचा ढोलकीवाला एकदा पुटपुटला होता की दोघांत बरंच साम्य आहे. त्याला पुढचे तीन कार्यक्रम मॉनिटरमध्ये ढोलकी ऐकू आली नाही.

फेंडरने पिकअपचे तुकडे का केले, तर घूं घूं बंद करायला. साधा एका गुंडाळीचा पिकअप मंडपात नेला की तारांआधी वीजच ऐकू येते. आपली वीज ५० हर्ट्झची. पांढरी पाचचा खर्ज ४९ च्या आसपास येतो. म्हणजे मंडपातली घूं घूं जवळजवळ पांढरी पाचमध्ये असते, किंचित चढी. भाऊंनी हे शोधून काढलं त्या रात्री ते गायकाकडे गेले आणि गंभीरपणे म्हणाले, आजची सगळी गाणी पांढरी पाचमध्ये घेऊ, म्हणजे लाइन पन सुरात वाजन. गायकाचा स्वर काळी एक. त्याने मंडपवाल्याला हाक मारली. मंडपवाला म्हणाला, जनरेटर लावू का? जनरेटर लावला, तर घूं घूं डिझेल संपत येईल तशी उतरू लागली.

तेव्हापासून भाऊ दोन गुंडाळ्यांच्या पिकअपचे भक्त झाले. त्यातली करामत ते सेवा सहकारी सोसायटीच्या भाषेत समजावतात. दोन गटांचे दोन संचालक, तोंडं विरुद्ध दिशेला. बाहेरून गोंगाट आला की एक म्हणतो अधिक, दुसरा म्हणतो उणे, बेरीज शून्य. पण भत्त्याचा ठराव आला की दोघांचा हात एकाच वेळी वर. तारेचा आवाज म्हणजे तो भत्ता. मी यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण कुठे वाचलेलं नाही, आणि आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना ते आवडलेलं नाही.

एकदा मागचा पिकअप आतून तुटला. धानाच्या हंगामात पवनीत मोटार रिवायंडिंगवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते, तरी भाऊ ती डबी घेऊन एका मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीने विचारलं, "किती एचपी?" मग त्याने आपल्याकडची सगळ्यांत बारीक, पंख्याची तार दाखवली. ती तिप्पट जाड. शेवटी ४२ गेजची तार नागपूरहून आली आणि वेढे घालायला वहिनींचं शिलाई मशीन ताब्यात घेतलं गेलं. लग्नाचे ब्लाउज बाजूला. वेढे मोजायला भाऊंनी जी युक्ती केली ती मात्र खरोखर पाहण्यासारखी होती. मशीनच्या चाकाला छोटं चुंबक चिकटवलं, समोर चुंबकाने मिटणारा स्विच ठेवला, त्याच्या वायरी कॅलक्युलेटरच्या 'बरोबर'च्या बटणाला जोडल्या. एक अधिक एक दाबून ठेवलं की चाकाच्या प्रत्येक फेरीला आकडा एकाने पुढे. सात हजारांच्या पुढे आकडा गेला, आणि वहिनींनी चहा आणला. ओढणीचं टोक लागलं की नाही याबद्दल दोन मतं आहेत. तार तुटली हे एकमत.

दुसऱ्या खेपेला भाऊंनी हट्टाने वेढे जास्त घातले. आवाज मोठा झाला, पण वरची चमक गेली. वेढे वाढले की असंच होतं, हे तेच आम्हाला शिकवत आले होते. तरी संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं, "हाच तो. भेटला टोन." शनिवारच्या कार्यक्रमापर्यंत तो टिकला.

तारांचा विषय वेगळा. जुन्या तारा बोथट वाजू लागल्या की भाऊ त्या उकळतात. हे वेड नाही, जगभरचे बेसवाले करतात. वेढ्यांत बसलेला घाम आणि मळ निघतो, काही दिवस आवाज पुन्हा खणखणीत होतो. अडचण एवढीच की घरात मोठा गंज, म्हणजे पातेलं, एकच आहे. "तुमच्या तारा शिजल्या असतीन तं गंज द्या, मले डार टाकाची आहे," असं वहिनी स्वयंपाकघरातून म्हणतात. तारा उकळून चढवल्यावर आठवड्याने भाऊंना जुनाच बोथट आवाज बरा वाटू लागतो. मग ते डेट्रॉईटच्या जेम्स जेमरसनची गोष्ट सांगतात, की मोटाउन कंपनीच्या गाण्यांत त्याने एकाच बोटाने केवढा बेस वाजवला, आणि तार तुटल्याशिवाय म्हणून बदलली नाही. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याच्या घरी गंज नवता का?"

भाऊंच्या पिशवीत सोल्डरिंगचं सामान, पेचकस, नऊ व्होल्टची बॅटरी (ती ते जिभेला लावून तपासतात आणि चेहरा वाकडा झाला की समाधान पावतात) आणि एक छोटी पुरचुंडी असते. पुरचुंडीत काही नाणी. तार आणि पिकअप यांच्यात किती फट ठेवायची हे नाणी सरकवून मोजतात. चुंबक फार जवळ आला तर तारेलाच ओढतो, सूर डगमगतो. एकदा टेंपोवाल्याला चहाला सुटे हवे होते आणि भाऊंच्या पिशवीत पैसे वाजत होते. भाऊ म्हणाले, "ते पैशे नाहीत."

साउंड चेकला त्यांचा विधी ठरलेला. बेस एखाद्या पोराच्या गळ्यात घालतात, त्याला एकच तार छेडत राहायला सांगतात आणि स्वतः चालत सुटतात. पहिली सतरंजी, मधला खांब, भज्यांची गाडी, पार पानटपरीपर्यंत. प्रत्येक ठिकाणी डोळे मिटून उभे. पोराचं बोट सोलवटतं. मग रात्री प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडतो, "बेस वाढवा!" त्याला हवा असतो छाती हादरवणारा डीजेचा दणका, आणि साउंडवाला तो ऑक्टोपॅडच्या ढोलावर वाढवून देतोही. भाऊ मात्र अंधारातून हात वर करून त्या माणसाला नमस्कार करतात.

एक काळ असा आला की घरी सराव करताना त्यांची दुसरी जाड तार वेड्यासारखी फुगू लागली. भांडी वाजायची. भाऊंनी दोष पिकअपला दिला, त्या तारेखालचा अर्धा तुकडा खाली दाबला. त्या तुकड्यावर सगळ्यांत जाड तारही अवलंबून, तीही मेली. मग घोडी बदलली, कपॅसिटर बदलला, सागवानाचं नवं धड सुताराकडून करून घेतलं (सुताराने विचारलं, "भाऊ, याले पाय किती लावू?"), ते इतकं जड झालं की भाऊंचा डावा खांदा अजून उतरलेला आहे. अखेर साउंडवाल्याचा इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा आला, त्याने खोली पावलांनी मोजली. पुनर्वसनातली स्लॅबची खोली, दहा बाय दहा. तो म्हणाला, काका, दहा फुटांवरच्या दोन टणक भिंतींत ५५-५६ कंपनांचा आवाज अडकून फुगतोच, आणि तुमची मोकळी तार नेमकी ५५ ची. पिकअपचा काही संबंध नाही.

भाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जुन्या घरी असं नवतं होत." जुनं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. तिथे टू-इन-वनवर ऐकलेल्या आर. डी. बर्मनच्या कॅसेटमधला बेस त्यांच्या डोक्यात बसला आहे. त्या वादकांत मूळचे गोव्याचे टोनी वाझ होते, हे भाऊंना फार पुढे कळलं, आणि तेव्हापासून गोवा म्हटलं की आमचे भाऊ समुद्र नाही, बेस म्हणतात. तो टोन हवा, एवढंच त्यांचं मागणं. ते घर आता वैनगंगेच्या फुगवट्याखाली आहे.

त्या मुलाने तेही सोडलं नाही. म्हणाला, काका, टू-इन-वनच्या एवढ्याशा स्पीकरमधून एवढा खालचा आवाज निघतच नाही. वरचे स्वर ऐकून मूळचा खर्ज मेंदू स्वतःच भरून काढतो. तुम्ही ऐकला तो टोन कॅसेटमधून आला नव्हता, डोक्यात तयार झाला होता.

आम्हाला वाटलं, आता हा माणूस खचला. भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "मंग मेंदूले कोनता पिकअप लागते?"

पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की लोक पाणी पाहायला जातात, भाऊ ऐकायला. एकूण ३३ दरवाजे. सगळे उघडले की आवाज चिखल होतो, निम्मे बरे, असा त्यांचा अभिप्राय आहे. जलसंपदा विभागाने तो अजून मागवलेला नाही. टोन कधी सापडणार म्हणून त्यांना कुणी डिवचलं, तर ते धरणाकडेच बोट दाखवतात. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली, कालव्यांची कामं अजून चालू आहेत. "मंग माह्याच मांगं घाई काहून?"

गेल्या महिन्यात ते मला म्हणाले की आता पुरे, आता जो आवाज येतो तोच वाजवायचा. मी वहिनींना ही बातमी दिली. त्या म्हणाल्या, नागपूरहून पार्सल यायचं आहे, म्हणून थांबले असतील.

तेव्हा वाचकांना विनंती. तुमच्याकडे, तुमच्या मेहुण्याकडे, किंवा बंद पडलेल्या एखाद्या बँजो पार्टीच्या पेटीत जुना बेसचा पिकअप पडून असेल, तर कृपया भाऊंना कळवू नका. कळवायचंच असेल तर आधी वहिनींना विचारा. लग्नसराईचे ब्लाउज शिवून झाले की त्या मशीन मोकळं करून देतात.