साहेबी पंगत

हल्ली पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत नव्या भरतीला जेवायला शिकवतात. इंजिनीअर झालेला, आईच्या हातचे खाऊन टणटणीत वाढलेला मुलगा. पण काटा डाव्या हातात, सुरी उजव्या, पावाची बशी डावीकडची आपली नि पाण्याचा ग्लास उजवीकडचा, हे त्याला पडद्यावर चित्रे दाखवून समजावतात. सुरी-काटा ताटलीत शेजारी-शेजारी ठेवले की वेटरने ओळखायचे, साहेबांचे झाले. तोंडाने 'पुरे' म्हणणे गावंढळ.

डावे-उजवे आपल्याला नवे होते असे नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. आणि शेजारच्याचा ताकभात संपेपर्यंत पानावरून उठायचे नाही. ते जुनाट म्हणून आपण बुफे आणला. आता तसलेच नियम कंपनीच्या खर्चाने शिकतो आहोत.

खरी परीक्षा मेन्यूत. सराव होतो सुपावर आणि क्लायंट मागवतो बटर नान. नान सुरीने कापू पाहणारा मॅनेजर मी पाहिला आहे, नान जिंकला. समोरच्या जर्मन पाहुण्याने तोवर बाह्या सारून हाताने तुकडा मोडलाही होता.

बिलाचाही शिष्टाचार असतो: यजमानाने आकडा न पाहिल्यासारखे करून भरायचे. पाहतो तो अकाउंट्सवाला. अशा जेवणावरच्या जीएसटीचे क्रेडिट सहसा मिळत नाही, हे त्याला पाठ. वर 'सहा जणांत गुलाबजाम अकरा कसे?' हेही तो बॉसला सीसीत ठेवून, अत्यंत सभ्य भाषेत विचारतो.