यॅमलचं चावडी वाचन

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना स्वतःचं कौतुक वाटायला फारसं काही लागत नाही. वेब फॉर्मचे रकाने कोडमधून उचलून वेगळ्या फाईलमध्ये नेऊन ठेवले, एवढं पुरतं. त्या फाईलला यॅमल किंवा जेसन म्हणायचं, कुठला रकाना, लेबल काय, भरणं सक्तीचं की ऐच्छिक हे तिथे ओळीने लिहायचं, प्रोग्रामने ती वाचून फॉर्म उभा करायचा, आणि मग 'आता फॉर्म बदलायला कोडला हात लावावा लागत नाही' हे वाक्य अशा थाटात टाकायचं, की समोरच्याने उठून शाल-श्रीफळच आणावं. मी या पंथाचा जुना वारकरी आहे. म्हणूनच कबूल करायला जड जातं, पण ही युक्ती आपली नव्हे. ती महसूल खात्याची आहे, आणि तीही संगणक जन्माला येण्याआधीची.

सातबारा हा मुळात दोन फॉर्मचा जोड. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. असे नमुने एक ते एकवीस आहेत. मुंबई इलाख्यात अँडरसन नावाच्या आयसीएस साहेबाच्या मॅन्युअलने त्यांची घडी बसवली. पुढे 1966 ची जमीन महसूल संहिता आणि तिच्याखालचे 1971 चे नियम आले. जमिनीच्या हक्कांची नोंद ठेवा, असं संहिता सांगते. त्या नोंदीच्या कागदावर रकाने किती आणि कुठले, हे मात्र नमुन्यात. निफाडच्या तलाठ्याला द्राक्षबागेसाठी एखादा खास रकाना वाढवण्याची कितीही हौस आली, तरी त्याला ते जमणार नाही. आणि एका रकान्यासाठी विधिमंडळात विधेयकही आणावं लागणार नाही. अलीकडे सातबाऱ्याचं रूप पालटलं, त्यावर शासनाचं बोधचिन्ह आलं, गावाचा कोड आला, जमीन बिनशेती असेल तर नमुना बाराची गरज नाही अशी सूचना आली. ही सूचना म्हणजे आमच्याकडची 'अमुक असेल तरच तमुक दाखवा' ही ओळ, जी लिहून झाल्यावर आम्ही दोन मिनिटं खुर्चीत मागे रेलून बसतो.

माझं म्हणणं एवढंच, की फॉर्म प्रोग्रामरच्या हाताबाहेर असलेलाच बरा, कारण तो प्रोग्रामरचा नसतो. काय विचारायचं हे कुणी दुसराच ठरवतो. आता आईच्या नावाचं घ्या. मार्च 2024 मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं, की 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. रकान्यांची फाईल बाहेर असेल तर हे काम चार ओळींचं. कोडमध्ये नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही त्रिमूर्ती ठोकून बसवलेली असेल, तर मात्र ती उकरून काढता काढता मूल शाळेत जायचं. अर्थात रकाना मिळाला म्हणजे हक्क मिळाला, असं समजण्याचं कारण नाही. आमच्याच नाशिक जिल्ह्यात, चांदवडला, 1986 साली शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन भरलं, आणि त्याच चळवळीतून पुढे लक्ष्मीमुक्ती आली: शेतकऱ्याने आपणहून जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावे करायचा. गाव नमुना सातमध्ये भोगवटादाराचं नाव विचारलेलं असतं. ते पुरुषाचंच हवं, असं त्या छापील कागदाने कधीही म्हटलं नव्हतं. जागा होती, नाव घालू देत नव्हते. तिथे अडलेलं कुठल्याही फाईलने सुटणारं नव्हतं, आणि हे आठवलं की आमचं ते शाल-श्रीफळाचं वाक्य घशातच राहतं.

यावर आक्षेप निघतात, आणि त्यातला पहिला माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे: अशी फाईल गुपचूप घात करते. यॅमलच्या 1.1 या आवृत्तीत शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा धरला जातो. म्हणजे नाशिकचा एसटीडी कोड 0253 अवतरणचिन्हांशिवाय लिहिलात, तर प्रोग्रामच्या हाती पडतो 171. तक्रार नाही, लाल अक्षरं नाहीत, पंचवटीपासून पाथर्डी फाट्यापर्यंत सगळं शहर बिनबोभाट 171. मुंबईचा 022 होतो 18, पुण्याचा 020 होतो 16, आणि पुणं मुंबईच्या मागे राहतं हे कुणीतरी पुण्यात जाऊन सांगायला हवं. नागपूरचा कोड तर 0712, साक्षात सातबारा. त्याचे 458 होतात. सुटतो तो जालना, कारण 02482 मध्ये 8 आहे आणि अष्टमानात 8 नसतो. आकडा म्हणून डाळ शिजत नाही, तेव्हा तो मजकूर म्हणून जसाच्या तसा राहतो. एका आठाने मिळणारं एवढं रक्षण आमच्या नशिबी का नसावं? देशांच्या यादीत नॉर्वेचा संक्षेप 'एनओ' लिहिला, तर त्याचा अर्थ 'नाही' असा घेऊन अख्खा देश रद्द होतो, ही कथा जगप्रसिद्ध आहे. नाशिकची कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. 2009 च्या 1.2 आवृत्तीत हे दोन्ही नियम बदलले, पण जुन्या नियमाने वाचणारे प्रोग्राम अजून सुखाने नांदताहेत. तरी आक्षेपाला उत्तर आहे: दोन अवतरणचिन्हं. शिवाय ही चूक फाईल उघडली की डोळ्यांना दिसते; कोडच्या पोटात ती कुणी शोधायची?

दुसरा आक्षेप असा, की अटी वाढता वाढता फाईलचाच प्रोग्राम होतो. होतो खरा. सर्वेक्षणवाल्या संस्था एक्सएलएसफॉर्म वापरतात, त्यात अख्खा फॉर्म एक्सेलच्या शीटमध्ये लिहायचा असतो: प्रकार, नाव, लेबल, आणि हा प्रश्न कधी दाखवायचा त्याची अट. विसाव्या अटीनंतर ती शीट लिहिणाऱ्यालाही उलगडत नाही. मर्यादा तिथेच घालावी. रकाने आणि साध्या अटी बाहेर, खरी आकडेमोड आत.

तिसरा आक्षेप मात्र खरा झोंबतो. ही फाईल प्रोग्रामरशिवाय कुणी उघडतच नाही, मग ती बाहेर काढून मिळवलं काय? इथेही महसूल खातं पुढे आहे. संगणकीकृत सातबारे तपासायला गावोगाव चावडी वाचन झालं; उतारे लोकांसमोर वाचले, चूक असेल त्याने सांगायची. आमच्या फाईलचंही असं वाचन व्हावं. 'वडिलांचे नाव, सक्तीचे' हे मोठ्याने वाचलं, की एकटीने मूल वाढवणारी कुणीतरी बाई 'का?' म्हणून विचारेल, आणि ती ओळ दोन सेकंदांत, काही विचार न करता लिहिणाऱ्याला तिच्याकडे बघून उत्तर द्यावं लागेल. मग तिचा आक्षेप रीतसर नोंदवावा लागेल. त्यासाठी एक फॉर्म लागेल, आणि त्यात पहिला रकाना अर्जदाराचा, दुसरा तिच्या वडिलांचा किंवा पतीचा.