पुसायचं नाही, टिपायचं!

पावसाळी ट्रेकला निघालेल्या कुठल्याही ग्रुपमध्ये हा माणूस असतोच. आमच्याकडे त्यांना अण्णा म्हणतात. तुमच्याकडे काका, सर किंवा नुसतंच ‘ते चष्मेवाले’ म्हणत असतील. ओळखायची खूण सोपी. लोहगडाच्या पायथ्याशी बाकीची मंडळी रेनकोट चढवत असतात, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळत असतात, आणि हे गृहस्थ एका दगडावर बसून, चष्मा हातात घेऊन, डोळे बारीक करून काचेला काहीतरी चोळत असतात. ते ‘काहीतरी’ दर खेपेला वेगळं असतं.

अण्णा विमा कंपनीतून निवृत्त झालेले. वय त्रेसष्ट, चाल पंचविशीतली, नंबर मात्र चांगला जाड. चष्मा काढला की समोर गड आहे की म्हैस, हे त्यांना आवाजावरून ठरवावं लागतं. आणि सह्याद्रीतला जुलै चष्मेवाल्यांसाठी नाही. हवा आधीच पाण्याने भरलेली, घाम वाळायला तयार नाही, त्यात रेनकोटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली. अंगातली सगळी वाफ कॉलरमधून वर येते ती थेट वारा-पावसाने गार पडलेल्या काचेवर. झालं, पडदा पडला.

“आधी शास्त्र समजून घ्या,” अण्णा म्हणतात. हे ते नेहमी खड्या चढावर म्हणतात, कारण तिथे समोरच्याला उलट बोलण्याइतका दम उरलेला नसतो. “काचेवर पाणी येणारच. तुम्ही कोण अडवणारे? पण त्याचे बारीक बारीक थेंब होतात, प्रत्येक थेंब उजेड उधळतो, म्हणून पांढरं दिसतं. तेच पाणी काचेवर सपाट पसरलं, की आरपार दिसणार. साबण काय करतो? थेंबाला थेंब राहू देत नाही!” एवढं सांगून ते पुढे निघून जातात आणि ऐकणारा कातळाला टेकून श्वास घेतो.

शास्त्र बिनचूक आहे. प्रश्न असतो तो प्रयोगाचा. सुरुवात बटाट्याने झाली. कापलेल्या बटाट्याची फोड काचेवर फिरवायची, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. काच धुकं धरत नव्हती, पण स्टार्चचे ओघळ वाळून काचेवर नकाशे उमटले. मग दाढीचा फेस आला. तो बराच चालला, पहिल्या धबधब्यापर्यंत. टूथपेस्टने काचेवरचं कोटिंग खरवडून निघालं, तेव्हा चष्म्याच्या दुकानदाराने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ते वहिनी अजून करून दाखवतात. मध्ये रिठ्याचा एक स्वदेशी टप्पा होऊन गेला. सोनार दागिने रिठ्याच्या पाण्यात धुतात, मग काचेने काय घोडं मारलंय? भांडी घासायचं लिक्विड सर्वांत गुणकारी ठरलं. पण जोराचा पाऊस आला की ते काचेवरून ओघळायचं आणि घामाबरोबर डोळ्यांत उतरायचं. मग काच लख्ख आणि डोळे मिटलेले.

भीमाशंकरच्या शिडीघाटात त्यांनी थुंकीचा प्रयोग केला. “समुद्रात बुडी मारणारे लोक मास्कला आतून थुंकीच लावतात,” हे त्यांचं समर्थन. खरंही आहे ते. पण त्या दिवशी शिडीवर त्यांच्या खाली जायला कोणी तयार होईना.

पावसाने कुठलाही लेप टिकू द्यायचा नाही हे ठरलेलंच असल्यामुळे शेवटी सगळं येतं ते फडक्यावर, आणि फडक्याच्या बाबतीत अण्णांचं एक तत्त्व आहे: पुसायचं नाही, टिपायचं! पुसलं की लेप जातो आणि चरे पडतात. चष्म्याबरोबर मिळणारं मऊ कापड एकदा भिजलं की फक्त पाणी इकडून तिकडे नेतं, म्हणून ते त्यांनी कधीच बाद केलं. त्यांच्याकडे वहिनींच्या एका जुन्या सुती साडीचे चौकोन आहेत, धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झालेले. ते त्रिवार गुंडाळलेल्या पिशवीत, छातीपाशी ठेवलेले असतात. पैशाचं पाकीट सॅकच्या वरच्या कप्प्यात भिजत असतं.

कळसूबाईच्या लोखंडी शिडीवर शनिवार-रविवारी रांग लागते. त्या रांगेत मध्यावर थांबून, एक कोपर शिडीत अडकवून, अण्णा टिपत होते. खालून पोरं ओरडली, “काका, चला की! किती वेळ पुसताय?” अण्णांनी मान वळवून, दिसत कोणीच नव्हतं तरी, शांतपणे खुलासा केला, “पुसत नाहीये.”

त्यांना थांबायलाही आवडत नाही. चालताना वारा काचेमागून खेळतो. थांबलं की वाफ चढते. त्यामुळे ग्रुप फोटोला सगळे ‘चीज’ म्हणत स्तब्ध असताना अण्णा जागच्या जागी मान हलवत असतात. आमच्या अनेक फोटोंत त्यांचा चेहरा म्हणजे एक तिरकी रेघ आहे.

अंतराळवीरांविषयी मात्र ते घरच्यासारखे बोलतात. 1966 मध्ये जेमिनी 9 मधून बाहेर पडलेल्या यूजीन सर्ननचं हेल्मेट आतून धुकटलं आणि बिचाऱ्याने नाकाने घासून काचेवरच्या धुक्यात भोक पाडलं, ही गोष्ट अण्णा नाकाच्या अभिनयासह सांगतात. त्यानंतर तिथेही काचेला आतून लेप लावू लागले. “आणि 2001 मध्ये तो कॅनडाचा हॅडफील्ड! तोच लेप डोळ्यात गेला. वजन नाही, त्यामुळे अश्रू खाली पडेनात. ते साचून दुसऱ्या डोळ्यात गेले. दोन्ही डोळे बंद, आणि माणूस यानाच्या बाहेर!” इथे एक क्षण थांबून, स्वतःच्या लाल डोळ्याकडे बोट दाखवून, “होतं असं. भल्याभल्यांचं होतं.”

हरिश्चंद्रगडावर एकदा सगळं जुळून आलं. कुठलंसं नवं लिक्विड, ताजा चौकोन, गळ्याशी उघडी ठेवलेली चेन. कोकणकड्याच्या जरा अलीकडे अण्णा थांबले, समोर पाहिलं आणि आनंदाने ओरडले, “शंभर टक्के रिझल्ट!” समोर ढगाशिवाय काही नव्हतं. आम्हाला चार फुटांपलीकडचं दिसत नव्हतं, त्यांनाही दिसत नव्हतं, आणि ही बरोबरी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच अनुभवली असावी.

हसायचं तेवढं हसून झालं, आता दुसरी बाजू. राजगडावरून चोरदरवाज्याने उतरताना संध्याकाळी पावसाने गाठलं. एक नवा पोरगा, तोही जाड भिंगांचा, रेलिंग धरून थिजला. पायरी दिसत नव्हती, आणि तसं सांगायची त्याला लाज वाटत होती. पुढे गेलेल्या आम्हा डोळसांना त्याचा पत्ताच नाही. अण्णांना लागला. ते परत वर चढले, कोरडा चौकोन त्याच्या हातात ठेवला, आपल्या सॅकचा पट्टा त्याच्या दुसऱ्या हातात दिला आणि गुंजवण्याकडे उतरेपर्यंत त्याला बाष्प, तापमान आणि दवबिंदू समजावत राहिले. नंतर त्याला विचारलं, काय काय सांगितलं रे? त्याला एक अक्षर आठवत नव्हतं. पण हल्ली तोही पायथ्याशी दगडावर बसून काहीतरी चोळताना दिसतो.

आमच्यातल्या एका मुलीने कॉन्टॅक्ट लेन्स लावायला सुरुवात केली, तेव्हा अण्णा दुखावले. “ही पळवाट झाली,” म्हणाले. मग चिखलाच्या हातांनी लेन्सला बोट लावायचं नाही, यावर तिलाही अर्धा तास ऐकवलं.

यंदा त्यांना मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, आत भिंग बसवू, लांबचा चष्मा बहुतेक लागणारच नाही. वहिनींनी ही बातमी ग्रुपवर टाकली आणि आम्ही अभिनंदनाचा पाऊस पाडला. अण्णांचं उत्तर रात्री उशिरा आलं: ‘पावसाळा होऊन जाऊ दे, दिवाळीनंतर बघू.’

वहिनींकडून आतली हकीकत पुढे कळली. दवाखान्यातून निघताना ते दारातून परत फिरले होते.

“डॉक्टर, जवळचा तरी लागेल ना?”

“हो, वाचायला लागेल.”

“मग ठीक आहे,” अण्णा म्हणाले. “ट्रेकला नकाशा वाचावाच लागतो.”