मेकआण्णा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात खाली लेथ घरघरतो आणि वरच्या माडीवर मशीनच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहिलं जातं, तिथे एक आण्णा हमखास असतात. त्यांचा हुद्दा कुणालाच नीट ठाऊक नसतो. प्रोग्रॅम बाकीची पोरं लिहितात. आण्णा सांभाळतात ती मेकफाइल, म्हणजे कुठली फाइल कुणाच्या जिवावर उभी आहे त्याची वही. ती वाचून मेक नावाचं साधन लागेल तेवढंच परत बांधतं.

नवा पोरगा भाबडेपणाने विचारतो, ‘‘आण्णा, डिपेंडन्सी म्हणजे काय हो?’’ आण्णा खुर्ची ओढतात. जेवणाची सुट्टी गेली.

‘‘हे बघ लगा, चटणी बदलली की तांबडा रस्सा परत करायचा. पांढऱ्याला हात लावायचा न्हाई. पण मटणाचं अळणी पाणीच बदललं, तर दोन्ही रस्से परत. अळणी म्हंजे हेडर फाइल.’’

‘‘पण बदललंय हे मेकला कळतं कसं?’’

‘‘तारखेवरनं. चव बघत न्हाई ते. रश्श्यापेक्षा चटणी नवी दिसली, की पेटवली चूल. काही न बदलता नुसती सेव्ह केलीस तरी!’’

म्हणून सगळ्यांच्या सामायिक हेडरवर कुणी उगाच सेव्ह दाबलं, की आण्णांना ते पाठमोरे असतानाही कळतं. ‘‘क्लीन मारून सगळं परत बिल्ड करू या,’’ असं म्हणणारा तर त्यांच्या लेखी अडाणीच. ‘‘कोण कुणावर अवलंबून हाय ते लिहायला आलं न्हाई, म्हणून समदं पुसतोयस व्हय?’’

मेक १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं. आण्णा त्यांच्याविषयी अशा सुरात बोलतात, की ते काल संध्याकाळी रंकाळ्यावर भेटले असावेत. आज्ञेच्या ओळीआधी टॅबच हवा, स्पेस चालत नाही, हा मेकचा जुना जाच. तो बदलायचं फेल्डमन यांच्या मनात आलं, तोवर डझनभर वापरणारे झाले होते, त्यातले बरेचसे मित्रच. त्यांची घडी कशाला मोडा, म्हणून टॅब राहिला. ‘‘बारा जणांच्या भिडेपायी अख्खी दुनिया टॅब दाबत बसलीया,’’ आण्णा सांगतात. त्यात तक्रार कमी आणि कौतुकच जास्त. इतका भिडस्त माणूस त्यांना कोल्हापूरचाच वाटत असणार.

एखाद्या संगणकाचं घड्याळ पुढे धावत असलं, तर मेक इशारा देतं की या फाइलची वेळ भविष्यातली आहे. आण्णा लगेच घड्याळाकडे जात नाहीत. आधी ऑफिसभर फिरून विचारतात, ‘‘उद्याचं काम आज कुणी केलं?’’ असा माणूस त्या माडीवर अजून सापडलेला नाही.

रजेचं तेवढं आण्णांना जमत नाही. त्यांनी गावी जायचं, तर मेकफाइल कळणारा दुसरा कुणी हवा. त्याला तयार करायला आण्णांना आठवडाभर सवड हवी. सवड मिळणार रजेत. फायली अशा एकमेकींच्या गळ्यात पडल्या, की मेक ‘सर्क्युलर डिपेंडन्सी ड्रॉप्ड’ एवढं छापतं, त्यातला एक दुवा सोडून देतं आणि पुढच्या कामाला लागतं. मालकही तसंच करतात. सोडलेला दुवा दरवेळी रजेचाच असतो.