दहा एकरांतली वारसनोंद

कोस्टा रिकात लोक केत्झाल बघायला जातात. हिरवागार, लांब शेपटीचा, भलताच भाव खाणारा पक्षी. आम्हीही त्याच्यासाठीच गेलो. पण सान होसेहून ग्वापिलेसच्या रस्त्याला लागलो, झुर्कीचा चढ सुरू झाला आणि ढगाने गाडी गिळली. मेघवन पुस्तकात फार देखणं दिसतं. प्रत्यक्षात मोजे पिळावे लागतात.

दाखवण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा गाइडने माश्या काढल्या.

झुर्की दे मोराव्हिया इथे, 1,600 मीटर उंचीवर, चार हेक्टर जंगलातल्या माश्या शास्त्रज्ञांनी वर्षभर पकडल्या. डास-चिलटंही त्यातच. जाती निघाल्या 4,332! सबंध मध्य अमेरिकेतल्या नाव मिळालेल्या माश्यांच्या निम्म्याहून जास्त. अख्ख्या देशात पक्ष्यांच्या जाती नऊशेच्या आसपास, पण दुर्बिणी सगळ्या त्यांच्यावर.

"चार हेक्टर म्हणजे दहा एकर नं, भाऊजी?" मागे मेहुणे जागे झाले. भंडाऱ्याला त्यांची धानाची शेती. जमिनीचा आकडा ऐकला की झोप उडते. "दहा एकरावर येवढी नावं? सातबारा कसा निघत असन?"

गाइडला सातबारा कळला नाही. त्याने सांगितलं, एकूण 73 कुळं आणि ओळख पटवायला देशोदेशीचे 59 तज्ज्ञ.

"म्हणजे कुळागणिक वकील!"

सापळ्यांमध्ये मुख्य मॅलेझचा, तंबूसारख्या जाळीचा. रेने मॅलेझ या स्वीडिश कीटकतज्ज्ञाला तो तंबूतच सुचला. आत शिरलेले किडे वर चढत जाऊन कोपऱ्यातल्या भोकातून निसटतात, हे त्याने पाहिलं. मग त्या वरच्या टोकालाच बाटली लावली. तंबूत किडे शिरले की आम्ही फक्त बायकोला हाक मारतो. असो. झुर्कीत जंगलाच्या कडेच्या एका सापळ्यात 1,988 जाती आल्या, आतल्या सापळ्यात 906.

"बांधावरच सारी भानगड राहते," मेहुणे म्हणाले. त्यांचा दावा तहसिलीत अजून चालू आहे.

मग गाइडने सांगितलं, एकट्या गादमाशीच्या कुळाच्याच सुमारे 800 जाती. हे मात्र मेहुण्यांनी अंगाला लावून घेतलं.

"आठशे? एकीनंच माह्या धानाचं वाटोळं केलं! अन् हे त्यायले मोजून राहिले?"

वातावरण निवळावं म्हणून गाइडने चॉकलेट पुढे केलं आणि कोकोच्या फुलांचं परागीभवन बारीकशी चिलटं करतात, अशी भर घातली. बायकोने चॉकलेटकडे नीट निरखून पाहिलं. मग खाल्लं. माझ्या वाट्याचंही.

"म्हणजे सगळ्यांची नोंद झाली?" मी विचारलं.

छे! चाळीस किलोमीटरवर तापान्तीला हाच सापळा लावला, तर बऱ्याच जाती वेगळ्या.

"मंग फेरमोजणी लागन," मेहुणे आता पुढच्या सीटवर वाकले होते. "अर्ज कोणाकडे कराचा, विचारा बरं याले."