झेरॉक्स गुरुजी

भोर-वेल्ह्याकडं बारावीचा निकाल लागला की पेढे देवापुढं जातात आणि गुणपत्रिका झेरॉक्स गुरुजींपुढं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले तरी गुरुजींची हजेरी सुटलेली नाही. आता ती कागदांची असते, एवढंच.

"उत्पन्नाचा दाखला?"
"हाय."
"रहिवासी?"
"हाय."
"नॉन-क्रिमीलेअर?"
पोरगं गप्प.
"हो बाहेर!"

बाहेर म्हणजे ओसरीवर. तिथं चहा मिळतो.

नावांनी गुरुजींना फार छळलंय. बाप शाळेच्या दाखल्यावर ज्ञानेश्वर, आधारवर ज्ञानोबा आणि बँकेत ज्ञानू. "तीन बापांच्या पोराला सरकार कुठल्या खात्यात पैसे टाकणार?" असं कडाडतात आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या रांगेत स्वतःच उभे राहतात.

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला ८ लाखांची उत्पन्नमर्यादा आहे, हे ऐकून तोरण्याच्या पायथ्याचा एक बाप हबकलाच. "एवढं कुठनं आणू?"
"आणायचं नाय, त्याच्या खाली राहायचं!"
"मग जमंल की. पिढ्यान्‌पिढ्या जमलंय."

शिष्यवृत्तीचा फॉर्म सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचा नसरापुरात, आधारला जोडलेला मोबाईल बापाच्या खिशात, बाप गुरांमागं डोंगरात आणि रेंज पलीकडच्या टेपाडावर. गुरुजी शेजाऱ्याला फोन लावतात, शेजारी पोरगं पळवतो, पोरगं बापाला टेपाडावर चढवतं. बाप धापा टाकत आकडे वाचतो, तोवर ओटीपीची मुदत संपलेली. "उतरू नका तिथनं!" गुरुजी फोनवर ओरडतात. "दुसरा येतोय!"

जुलै २०२४ मध्ये आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी घरांतल्या मुलींना ८ लाखांच्या आत उत्पन्न असल्यास व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली. तो शासन निर्णय गुरुजींनी लॅमिनेट करून घेतलाय. पोरीच्या लग्नाची बैठक बसली की पिशवीतून तो आधी निघतो, सुपारी मागाहून.

फी सुटली तरी पुण्यात राहायचं कुठं? त्यासाठी अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली उभी केलेली विद्यार्थी साहाय्यक समिती. तिथल्या मुलाखतीची तालीम ओसरीवरच होते. "वडील काय करतात? 'काही नाही' म्हणालास तर याद राख! भात लावतात, म्हण. मान वर करून म्हण."

परवा त्यांचा एक जुना विद्यार्थी हिंजवडीहून गाडी घेऊन आला. पोरांसाठी पैसे द्यायचे म्हणत होता.

"पैसे दे, पावती घे," गुरुजी म्हणाले. "पण दर रविवारी दोन पोरांना फोनही करायचा. जेवतोस का, वर्गात बसतोस का, इंग्रजीला घाबरून मागं तर बसत नाहीस ना, एवढं विचारायचं."

"माझा नंबर देऊन ठेवा की. करतील तेच."

"जी करतील त्यांची काळजी नाय रे. तू पहिल्या वर्षी दोन विषय उडवून गप बसला होतास, तेव्हा केला होतास का मला फोन?"

साहेबांनी मुकाट्यानं दोन नंबर लिहून घेतले.