किट आणलं की पैसे वाचतात

किट आणलं की पैसे वाचतात, या वाक्याइतकं महागडं वाक्य माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही. आईचा जुना ट्रान्झिस्टर बंद पडला होता. सकाळचं भक्तिसंगीत आणि त्यामागून बातम्या कानावर पडल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नाही. मोबाइलमधला रेडिओ तिला मान्य नाही, कारण ऐन अभंगात गॅस एजन्सीचा फोन येतो. बायको म्हणाली, "अहो, येताना नवा घेऊन या. सातशे-आठशेत चांगला मिळेल." गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी एकदा इलेक्ट्रिक बेल केली होती आणि ती वाजली होती. असली यशं माणसाला जन्मभर छळतात.

"विकतचा कशाला? साडेतीनशेत किट मिळतं. घरी जोडू," मी म्हणालो.

पुण्यात अशा विचाराच्या माणसांची सोय बुधवार पेठेत, तापकीर गल्लीत आहे. मुंबईकर त्यासाठी लॅमिंग्टन रोड गाठतात. मी गेलो त्या दुकानात मालकाने चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "मुलाच्या प्रोजेक्टला?"

"नाही, मलाच."

"बरं," तो म्हणाला आणि किटच्या पिशवीशेजारी न विचारता सोल्डरिंग आयर्न, सोल्डरची गुंडाळी, फ्लक्सची डबी, मल्टीमीटर आणि इंजेक्शनच्या सिरिंजसारखा दिसणारा एक पंप मांडून ठेवला.

"पंप कशाला?"

"लावलेलं काढायला. सोल्डर वितळलं की ओढून घेतो."

"मी नीटच लावणार आहे."

"सगळे तसंच म्हणतात. माझ्याकडे किटपेक्षा पंप जास्त खपतात."

काउंटरवर उभ्या उभ्याच माझं बिल तयार रेडिओच्या पुढे गेलं. पण हत्यारं ही गुंतवणूक असते, अशी मी रिक्षात स्वतःची समजूत घातली. खरं तर रिक्षा हासुद्धा खर्चच होता.

किटमध्ये एक पीसीबी, मूठभर पार्ट आणि झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढलेला सर्किटचा कागद होता. त्यात कुठल्या रेषा सर्किटच्या आणि कुठल्या घडीच्या, हे शेवटपर्यंत कळलं नाही. तरी काम सुरू करण्यापूर्वी घरच्यांना विषयाची तोंडओळख करून देणं मला माझं कर्तव्य वाटलं. मी सांगितलं, "हा सुपरहेटरोडाइन रेडिओ. ही युक्ती एडविन आर्मस्ट्राँगने १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धात फ्रान्सला असताना काढली. आपलं पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर आहे. रेडिओ आतल्या आत स्वतःची एक लहर तयार करतो, १२४७ किलोहर्ट्झची. दोन्ही एकमेकींत मिसळल्या की त्यांच्या फरकाची, म्हणजे ४५५ ची लहर मिळते. कुठलंही स्टेशन लावा, फरक ४५५ च. म्हणून पुढची सगळी यंत्रणा त्या एकाच आकड्यासाठी घडवायची."

आईने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण सातच्या बातम्या लागतील ना?"

पहिला अडथळा रंगांचा आला. रेझिस्टरवर किंमत आकड्यांत लिहिलेली नसते, रंगीत पट्ट्यांत असते. तपकिरी-काळा-लाल म्हणजे एक हजार ओहम आणि तपकिरी-काळा-केशरी म्हणजे दहा हजार. कागदावर हे सोपं आहे. तांदळाएवढ्या रेझिस्टरवर, दिवाणखान्यातल्या पिवळ्या दिव्याखाली, लाल आणि केशरी एकाच आईची लेकरं दिसतात. माझी धडपड बघून आईने सगळा ऐवज स्टीलच्या ताटात ओतायला लावला, ताट खिडकीशी नेलं आणि निवडायला बसली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला रंग लख्ख दिसतात. चहा होईपर्यंत तिने रंगांप्रमाणे ढीग लावले, वर एक मुडपलेला डायोड "हा किडका आहे" म्हणून बाजूला काढला. मल्टीमीटरने तपासला तर खरोखर गेलेला होता. या प्रकल्पात मल्टीमीटरची गरज होती की नाही, हा प्रश्न तेव्हापासून घरात अधूनमधून निघतो.

मग सोल्डरिंग. जाणकार सांगतात की आयर्नने आधी पार्टाचा पाय आणि तांब्याचा ठिपका दोन्ही तापवायचे आणि त्या तापलेल्या जागेला सोल्डर लावायचं, म्हणजे ते आपणहून पसरतं. मी मात्र आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब घ्यायचो, तो धापा टाकत पीसीबीपर्यंत न्यायचो आणि पार्टावर सोडायचो. वाटेत त्यातला फ्लक्स जळून जायचा. थेंब वर बसायचा, आत शिरायचा नाही. याला ड्राय जॉइंट म्हणतात. वरून जोडलेलं दिसतं, आतून संबंध नाही. आमच्या सोसायटीच्या कमिटीत असे बरेच जॉइंट आहेत. पंप पहिल्याच संध्याकाळी बाहेर निघाला आणि दुकानदाराच्या अनुभवाबद्दल माझा आदर वाढला.

चटका बसलेल्या बोटांना बर्फ लावत असताना बायकोने बिलाचा कागद पुढे ठेवला. मी इतिहासाचा आधार घेतला. "अमेरिकेत हीथकिट नावाची कंपनी होती. युद्धातला उरलेला माल स्वस्तात घेऊन त्यांनी १९४७ मध्ये ऑसिलोस्कोपचं किट काढलं आणि पुढे लोकांनी घरोघरी रेडिओ, अगदी टीव्हीसुद्धा जोडले. कंपनीचा मूळ मालक एड हीथ तर त्याआधी विमानाची किटं विकायचा. विमानाची!"

आमची कन्या कॉमर्सला आहे. तिने मोबाइलवर बघून जाहीर केलं, "तो १९३१ मध्ये वारला. स्वतःच केलेल्या नव्या विमानाची चाचणी घेताना पडला."

हे मला माहीत नव्हतं. मी इंग्लंडकडे वळलो. "क्लाइव्ह सिंक्लेअर. काडेपेटीएवढ्या रेडिओची किटं विकून वर आला. पुढे १९८१ मध्ये त्याने झेडएक्स ८१ हा कॉम्प्युटर काढला. किट घेतलं तर ४९ पौंड ९५ पेन्स, तयार घेतला तर ६९ पौंड ९५. पैसे वाचतात, हे मी मनाचं सांगत नाही."

"म्हणजे जोडणाऱ्याची मजुरी वीस पौंड," कन्येने हिशोब मांडला. "बाबा, तुझी मजुरी सध्या उणे अकराशे रुपये आहे. बर्फ धरला नाही."

शेवटचा हुकमाचा पत्ता म्हणून मी ॲपल काढलं. ती कंपनीसुद्धा अशाच घरी जोडाजोडी करणाऱ्या मंडळींच्या क्लबातून निघाली, हे खरं आहे. पण नको तो तपशीलही खरा आहे. १९७६ मध्ये जॉब्ज आणि वॉझनियॅक नुसते सुटे बोर्ड विकायच्या विचारात होते. पॉल टेरेल नावाच्या दुकानदाराने सांगितलं, सुटं नको, पूर्ण जोडलेले पन्नास नग द्या, नगाला पाचशे डॉलर देतो. जगातली एवढी मोठी कंपनी उभी राहिली ती 'जोडूनच द्या' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकामुळे. बायकोने हे ऐकलं आणि काही न बोलता ताटं घेतली. तिच्या न बोलण्याला वीस पौंडांहून अधिक वजन असतं.

अखेर रेडिओ पुरा झाला. पिशवीत एक मोठा कपॅसिटर उरला. दुकानदाराने जास्तीचा दिला असणार, असं समजून मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले. सेल घातले, बटण फिरवलं. स्पीकरमधून भट्-भट्-भट्-भट् असा आवाज सुरू झाला. शेजारच्या काकांनी दार उघडून जिन्यात कुणी गाडी चालू ठेवली आहे का, ते पाहिलं. रेडिओच्या धंद्यात याला मोटरबोटिंगच म्हणतात. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये जो मोठा कपॅसिटर लावायचा असतो तो नसेल, तर शेवटच्या ॲम्प्लिफायरने ओढलेल्या करंटचे धक्के मागे पहिल्या ट्रान्झिस्टरपर्यंत पोहोचतात, तिथून पुन्हा पुढे येतात, आणि होडी वल्हवत राहते. दुकानदाराच्या औदार्याची खरी जागा मला तेव्हा कळली.

तो लावल्यावर खरखर आली. खरखरीतून सूर यायला आयएफटी जुळवावे लागतात. पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या टोपीच्या त्या चिमुकल्या डब्या असतात. त्यातला फेराइटचा गाभा प्लॅस्टिकच्या पेचकसाने हलकेच फिरवायचा. लोखंडाचा जवळ नेला तरी जुळणी बदलते. माझ्याकडे शिलाई मशीनचा लोखंडी पेचकस होता. पिवळ्या टोपीतल्या गाभ्याचे दोन तुकडे झाले आणि मला तापकीर गल्लीची वाट पाठ झाली.

आणि एका संध्याकाळी तो लागला! बासरी चालली होती. अर्धा मिनिट. मग बायकोने स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि बासरीवर करवत फिरली. मीडियम वेव्हला आजच्या घरातली निम्मी उपकरणं वैरी आहेत: स्वस्तातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, पंख्याचे रेग्युलेटर. प्रत्येकातून सूक्ष्म लहरी निघतात आणि रेडिओ भेदभाव न करता सगळ्यांचं ऐकतो. आईचा जुना रेडिओ खिडकीत असायचा, म्हणून निभत होतं. माझ्या रेडिओची वायर स्वयंपाकघरापलीकडे पोहोचत नव्हती, कारण स्पीकर मी बिस्किटांच्या डब्यात बसवला होता आणि डबा फळीला ठोकला होता. परिणामी आमच्याकडे आकाशवाणी ऐकू यायची ती फक्त वीज गेल्यावर. महावितरणचे वीज बंदचे मेसेज मी कार्यक्रमपत्रिका म्हणून वाचू लागलो. आई मात्र एकदम शहाण्या माणसाचा प्रश्न विचारी, "उद्या सातला वीज जाणार आहे का रे?"

वायर लांब करून घेऊ, म्हणून मी पुन्हा आयर्न हातात घेतलं. स्टेशन बदलायचा गँग कंडेन्सर अगदी शेजारीच होता. त्यात पातळ प्लॅस्टिकचे पापुद्रे असतात आणि त्याच्या पायांवर आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचं नसतं. मी विचार करत टेकवलं होतं. गोड, जळका वास आला आणि गँग आहे त्या जागी कायमचा थिजला. आता त्या रेडिओवर एकच स्टेशन लागणं शक्य होतं, आणि त्या आकड्यावर कुठलंही केंद्र नव्हतं.

तरी डबा टाकवेना. स्वतः जोडलेल्या वस्तूत माणसाचा जीव असा अडकतो, यावर हार्वर्डचे मायकल नॉर्टन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा २०१२ मध्ये छापलेला अभ्यास आहे. त्याला आयकिया इफेक्ट म्हणतात. स्वतः घडी घातलेल्या वेड्यावाकड्या ओरिगामीला माणसं जवळजवळ उस्तादाच्या ओरिगामीइतकी किंमत द्यायला तयार झाली. हे वाचून मला फार बरं वाटलं. पुढच्या परिच्छेदात लिहिलं होतं की काम पुरं झालं नाही तर हा परिणाम नाहीसा होतो. मला तर उलट अनुभव येत होता. रेडिओ जितका बिघडे, तितकी माझ्या मनात त्याची किंमत वाढे. निदान हिशोबाच्या वहीत तरी वाढतच होती.

दुकानदार म्हणाला, "सुटा गँग आता मिळत नाही. एक स्वस्तातला तयार रेडिओ न्या, उघडा, त्यातला गँग काढून तुमच्यात बसवा."

मला हा सल्ला रास्त वाटला, यावरून माझी अवस्था कळावी. मी तयार रेडिओ आणला. पेचकस शोधायला आत गेलो तेवढ्यात आईने खोका उघडला, सेल घातले आणि रेडिओ खिडकीत ठेवला. दिवे चालू, पंखा चालू, मिक्सर चालू, आणि पुण्याची निवेदिका माझ्या घरात पहिल्यांदा एक अख्खं वाक्य बोलली. मी पेचकस घेऊन उभा. आई म्हणाली, "छान केलास रे शेवटी."

त्या रेडिओला हात लावायची आता कुणाची टाप नव्हती. बिस्किटांचा डबा मात्र फळीवर गँगविना तसाच होता. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गल्लीत हजर.

"अजून एक तयार रेडिओ द्या."

"कालचा फोडलात?"

"नाही. तो चालतोय."

दुकानदाराने चष्मा कपाळावर नेला, माझी बोटं पाहिली आणि फळीवरून दोन खोके काढले. "फोडायलाच हवा असेल तर दोन न्या," तो म्हणाला. "पहिल्यातला गँग काढताना वितळतो."

मी दोन आणले.